सिग ७१६: आयात रायफलीचे गुणदोष तोलताना

फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताच्या संरक्षण मंत्रालयाने अमेरिकेतील सिग सॉअर या कंपनीशी ७२,४०० सिग ७१६ रायफलींचा करार केला. सुमारे ७०० कोटी रुपयांच्या या खरेदीतील ६६,४०० रायफली भूदलासाठी, ४,००० हवाई दलासाठी आणि २,००० नौदलासाठी होत्या. साडेपाच वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, त्याच रायफलीच्या आणखी ७३,००० नगांचा ८३७ कोटी रुपयांचा दुसरा करार झाला. दरम्यान ही दुसरी खरेदी एकदा मंजूर होऊनही करारापर्यंत पोहोचली नव्हती, रायफलीविषयीच्या तक्रारी बातम्यांतून येत होत्या, आणि रशियन रचनेची एके-२०३ अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे तयार करण्याचा प्रकल्पही उभा राहत होता. एवढे सगळे होऊनही सैन्य पुन्हा त्याच रायफलीकडे का वळले आणि ते वळणे कितपत योग्य होते, हे या प्रकरणात तपासायचे आहे.

आधी पार्श्वभूमी. स्वातंत्र्यानंतरची पहिली मोठी आधुनिक रायफल म्हणजे १९६० च्या दशकात इशापूरच्या निर्माणीत तयार होऊ लागलेली एसएलआर. तिच्यात ७.६२ × ५१ मिलिमीटरचे (पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, दुसरा पुंगळीच्या लांबीचा) जोरकस काडतूस वापरले जाई, आणि ती अर्धस्वयंचलित होती, म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटे आणि पुढचे काडतूस आपोआप चढे. १९९० च्या दशकात तिची जागा पुण्याच्या पाषाण येथील एआरडीई या सरकारी शस्त्रसंशोधन संस्थेने रचलेल्या ५.५६ मिलिमीटरच्या इन्सासने घेतली. हलके काडतूस, कमी धक्का आणि जवानाला त्याच वजनात दुप्पट गोळ्या नेता येणे हा या बदलामागचा विचार होता, आणि तो जगभरच्या सैन्यांनी केलेल्या विचारापेक्षा वेगळा नव्हता. मात्र १९९९ च्या कारगिल युद्धात कडाक्याच्या थंडीत इन्सासचे प्लॅस्टिकचे मॅगझीन तडकल्याच्या आणि गोळीबाराच्या वेळी तेल डोळ्यांत उडाल्याच्या तक्रारी आल्या. पुढे सुधारणा झाल्या, तरी काश्मीरमध्ये दहशतवाद्यांशी समोरासमोर भिडणाऱ्या जवानांचा कल एके मालिकेतील रायफलींकडेच राहिला.

इन्सासला पर्याय शोधण्याचा मार्ग सरळ नव्हता. २०११ मध्ये नळी बदलून दोन वेगवेगळी काडतुसे वापरता येतील अशा ६६,००० रायफलींची निविदा निघाली. त्यात पाच विदेशी कंपन्यांच्या रायफली होत्या, परंतु एकाच शस्त्राकडून परस्परविरोधी अपेक्षा ठेवणारी ती निविदा २०१५ मध्ये रद्द झाली. त्यानंतर इशापूरने ७.६२ × ५१ काडतुसाची रायफल पुढे आणली आणि २०१७ मध्ये सैन्याने ती चाचणीत नाकारली. जानेवारी २०१८ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने ७२,४०० रायफली आणि ९३,८९५ कार्बाइन जलदगती मार्गाने घेण्यास मंजुरी दिली, ती या सलग अपयशांनंतर. म्हणून सिग ७१६ ची तुलना कागदावरच्या एखाद्या आदर्श रायफलीशी करणे अन्यायाचे आहे. तिची खरी स्पर्धा थकलेल्या इन्सासशी आणि आणखी काही वर्षे वाट पाहण्याशी होती.

जमेच्या बाजूला सर्वांत पहिली येते ती वेळ. करार फेब्रुवारी २०१९ मध्ये झाला आणि डिसेंबर २०१९ मध्ये पहिला हप्ता उत्तर कमांडकडे पोहोचला. त्याच सुमारास, मार्च २०१९ मध्ये, कोरवा येथील भारत-रशिया संयुक्त प्रकल्पाचे उद्घाटन झाले, पण किंमत आणि तंत्रज्ञानाच्या अटींवर चर्चा लांबत गेल्याने ६,०१,४२७ एके-२०३ रायफलींचा करार व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. पहिल्या ३५,००० रायफली सुपूर्द झाल्याचे जाहीर झाले ते जुलै २०२४ मध्ये. नियंत्रण रेषेवर पहारा देणाऱ्या जवानाच्या दृष्टीने हा साडेचार वर्षांचा फरक फार मोठा आहे. आयातीवर टीका करताना हा फरक बहुतेक वेळा विसरला जातो, आणि मला ते योग्य वाटत नाही. जे शस्त्र आज हातात नाही त्याचे स्वदेशीपण जवानाच्या उपयोगाचे नसते.

दुसरी जमेची बाजू काडतुसाची आहे. ५.५६ च्या गोळीचे वजन सुमारे ४ ग्रॅम आणि नळीतून बाहेर पडतानाची ऊर्जा साधारण १,७०० जूल असते. एके-२०३ च्या ७.६२ × ३९ काडतुसातील गोळी सुमारे ८ ग्रॅमची आणि ऊर्जा साधारण २,००० जूल असते. ७.६२ × ५१ मधील गोळी मात्र साडेनऊ ग्रॅमची असून सिगच्या आखूड, म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटरच्या नळीतूनही तिची ऊर्जा ३,००० जूलच्या आसपास राहते. जवळून पाहता हे आकडे निव्वळ चढते वाटतील, पण अंतर वाढत जाते तसा फरक रुंदावतो, कारण जड गोळी आपला वेग आणि दिशा जास्त टिकवून धरते. एके-२०३ ची परिणामकारक मर्यादा ३०० मीटर सांगितली जाते, तर सिग ७१६ ची ५०० ते ६०० मीटर. डोंगरी नाल्यापलीकडच्या उतारावर हालचाल दिसली तर अंतर सहज ४०० मीटरच्या वर जाते. तिथे एके-२०३ केवळ आवाज करते आणि सिग खरोखर पोहोचते.

या काडतुसाचा आणखी एक फायदा पुरवठ्याच्या हिशेबात दिसतो. पायदळाची मध्यम मशीनगन एमएजी हेच काडतूस वापरते. मार्च २०२० मध्ये १६,४७९ नगांचा करार झालेली इस्रायली नेगेव एनजी-७ ही हलकी मशीनगनही हेच वापरते. उंचावरच्या चौकीवर रसद खेचरांच्या आणि हमालांच्या पाठीवरून किंवा हेलिकॉप्टरने जाते. अशा ठिकाणी रायफल आणि मशीनगन यांची काडतुसे एक असणे म्हणजे अडचणीच्या रात्री मशीनगनचा पट्टा उकलून रायफलीची मॅगझिने भरता येणे.

आता उणे बाजू, आणि तिच्यातही सर्वांत आधी वजन. ७.६२ × ५१ चे एक काडतूस सुमारे २४ ग्रॅम भरते, ५.५६ चे सुमारे १२ आणि ७.६२ × ३९ चे सुमारे १६. सात मॅगझिनांत १४० काडतुसे घेतली तर सिगवाल्या जवानाच्या अंगावर नुसत्या काडतुसांचेच सव्वातीन किलोहून अधिक वजन येते, आणि इन्सासवाल्याला तेवढ्याच वजनात २८० काडतुसे नेता येतात. रायफल स्वतः ३.८ किलोच्या आसपास आहे, म्हणजे रिकामी असताना ती इन्सासपेक्षा हलकीच आहे, पण दुर्बीण, पुढची मूठ आणि दोन पायांचा आधार जोडल्यावर हा लाभ संपतो. मॅगझीन २० काडतुसांचे आहे, तर एके-२०३ चे ३० चे. चकमक खोल्यांमध्ये किंवा दाट जंगलात, २० ते ३० मीटरच्या अंतरात घडत असेल, तर मॅगझीन लवकर रिकामे होणे हा जिवाशी खेळ आहे, आणि तिथे ५०० मीटरच्या पल्ल्याचा काहीही उपयोग नाही.

धक्क्याचा प्रश्न याला जोडूनच येतो. एवढ्या ताकदीच्या काडतुसाने सलग गोळीबार केला की दुसऱ्या-तिसऱ्या गोळीला नळी वर उचलली जाते आणि नेम सुटतो. म्हणून या वर्गातील रायफल अर्धस्वयंचलित पद्धतीने, एकेक गोळी नेम धरून, चालवली तरच तिचा खरा लाभ मिळतो. सैन्याच्या बाजूने या खरेदीचे समर्थन करताना ‘एका गोळीत शत्रू निकामी’ ही भूमिका मांडली गेली. ती ऐकायला ठाम वाटते, पण तिच्या पोटात एक अट दडलेली आहे: ती गोळी लागली पाहिजे. इन्सासच्या मऊ धक्क्याची सवय असलेल्या जवानाला ४०० मीटरवर पहिलीच गोळी लावायला शिकवायचे, तर त्याला सरावासाठी बरीच अधिक काडतुसे द्यावी लागतात, लांब पल्ल्याची मैदाने लागतात आणि उंचीनुसार नेम बदलण्याचे शिक्षण लागते. चार-साडेचार हजार मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या जवळजवळ दोन तृतीयांश एवढीच दाट असते. त्यामुळे गोळीला अडथळा कमी होतो आणि मैदानात नेम जुळवलेली रायफल लांबच्या लक्ष्यावर ठरल्यापेक्षा वर मारते. हा खर्च आणि हा वेळ करारात कुठेही लिहिलेला नसतो.

या सगळ्यापेक्षा जास्त शिकवणारा भाग काडतुसांच्या तक्रारींचा आहे. रायफली तुकड्यांत पोहोचल्यावर देशी बनावटीची काडतुसे वापरताना त्या अडकतात आणि धक्का अधिक बसतो, अशा बातम्या आल्या. वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की काडतुसाचे माप तेच असताना असे का व्हावे. उत्तर रायफल चालते कशी यात आहे. गोळी नळीतून जात असताना तिच्यामागच्या वायूचा थोडा भाग एका बारीक छिद्रातून वर घेतला जातो. तो एका छोट्या दट्ट्याला मागे ढकलतो, दट्ट्या बोल्टला, म्हणजे काडतुसामागे नळी बंद ठेवणाऱ्या भागाला, ढकलतो, बोल्ट वळून उघडतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि परतताना पुढचे काडतूस चढवतो. हे सगळे सेकंदाच्या काही शतांश भागात घडते, आणि त्यासाठी छिद्रापाशी वायूचा दाब ठरावीक मर्यादेत असावा लागतो. दारू थोडी जास्त वेगाने जळाली किंवा दाब जास्त राहिला तर बोल्ट लवकर आणि जोरात मागे येतो. त्या वेळी पुंगळी अजून नळीच्या भिंतींना चिकटलेली असते, तिची कड फाटू शकते, आणि जवानाच्या खांद्याला जास्त धक्का बसतो. दाब कमी पडला तर बोल्ट पुरता मागेच जात नाही आणि पुढचे काडतूस नीट चढत नाही. थंडीत दारूचा दाब आणखी घटतो. रायफलीला वायूचे प्रमाण बदलण्याची सोय असते, पण काडतुसांच्या एका खेपेत आणि दुसऱ्या खेपेत फरक असेल तर ती सोय जवानाला कितीदा बदलत बसायची?

इथे दोष एकट्या रायफलीचा म्हणता येत नाही आणि एकट्या काडतुसाचाही. देशात हे काडतूस एसएलआरच्या काळापासून तयार होत आले आहे. त्या जुन्या, लांब नळीच्या आणि ढिल्या मापांच्या रायफलीने बरेच काही सहन केले, आणि मशीनगनही काडतुसातील लहानसहान फरक पचवते. सिग ७१६ मात्र आखूड नळीची आणि घट्ट मापांची आहे. माझ्या मते चूक या दोन्हींच्या मधल्या जागेत झाली. जलदगती खरेदीत चाचण्या आटोपशीर ठेवल्या जातात, आणि विकत घेणाऱ्याने आपल्याच निर्माणीतील वेगवेगळ्या वर्षांची काडतुसे, उणे तापमानात, हजारोंच्या संख्येने या रायफलीतून झाडून पाहायला हवी होती. जळगाव जिल्ह्यातील वरणगावची आयुध निर्माणी १९६० च्या दशकापासून लहान शस्त्रांची काडतुसे तयार करते. खडकीची दारूगोळा निर्माणी तर १८६९ पासूनची आहे, आणि या निर्माण्या ज्या कंपनीखाली आल्या त्या म्युनिशन्स इंडियाचे मुख्यालयही पुण्यातच आहे. म्हणजे रायफल अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरमधून आली तरी ती रणात चालणार की अडणार याचा निम्मा निर्णय खानदेशात आणि पुण्यात होत असतो. महाराष्ट्रातील वाचकाने या प्रकरणाकडे दूरची गोष्ट म्हणून पाहू नये असे मला वाटते ते याचसाठी.

दुर्बिणींचीही हीच कथा आहे. पल्ला ५०० मीटरचा, पण उघड्या डोळ्याने त्या अंतरावरचा माणूस नेमाच्या काट्यापेक्षा बारीक दिसतो. रात्री तर तो दिसतच नाही, आणि घुसखोरी रात्रीच होते. रायफलींसाठी रात्रीच्या दुर्बिणींचा मोठा करार झाला तो ऑक्टोबर २०२५ मध्ये, सुमारे ६५९ कोटी रुपयांचा, आणि तोही देशी कंपन्यांशी. त्या वेळी मंत्रालयाने सांगितले की या दुर्बिणींमुळे जवानांना सिग ७१६ चा लांब पल्ला पुरेपूर वापरता येईल आणि केवळ ताऱ्यांच्या उजेडातही ५०० मीटरपर्यंतचे लक्ष्य टिपता येईल. हे वाक्य उलट बाजूने वाचले की पहिल्या हप्त्यानंतरची जवळपास सहा वर्षे कशी गेली हे कळते. दुर्बिणींचा खर्च दुसऱ्या रायफल कराराच्या जवळजवळ चार पंचमांश आहे. दुसऱ्या करारात एक रायफल साधारण १ लाख १५ हजार रुपयांना पडली. पण खरेदी तोलताना हा आकडा एकटा धरला तर हिशेब चुकतो, कारण ज्या गुणासाठी ही रायफल निवडली तो गुण दुर्बिणीशिवाय रात्री अस्तित्वातच नव्हता.

परावलंबनाचा मुद्दा खरा आहे, फक्त तो घोषणेसारखा मांडू नये. सिगच्या करारांतून रायफल तयार करण्याचे तंत्रज्ञान आले नाही. सुटे भाग, विशेषतः बोल्टचे भाग, नळ्या आणि स्प्रिंगा, अमेरिकी निर्यात परवान्यांच्या अधीन राहतात. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने घातलेल्या निर्बंधांचा फटका तेजस विमानाच्या कामाला बसला होता, त्यामुळे ही भीती काल्पनिक नाही. दुसरीकडे रशियन पर्यायही जोखमीपासून मुक्त ठरला नाही: एके-२०३ चा करार झाल्यावर तीन महिन्यांच्या आत युक्रेन युद्ध सुरू झाले. विमानाच्या इंजिनाच्या तुलनेत रायफलीचे सुटे भाग साठवून ठेवणे सोपे आणि स्वस्त असते. दहा वर्षांचे भाग आधीच घेऊन ठेवले तर निर्बंधांचा धोका बराच कमी होतो. म्हणून मी या दोषाला काडतुसांच्या दोषापेक्षा कमी वजन देतो.

सप्टेंबर २०२० मध्ये, लडाखमधील तणावाच्या काळात, संरक्षण खरेदी परिषदेने आणखी सिग रायफलींसाठी सुमारे ७८० कोटी रुपयांना मंजुरी दिली, पण करार झाला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा मंजुरी मिळाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सह्या झाल्या. पहिल्या खरेदीला तातडीचे समर्थन होते. दुसरीला ते तेवढे नव्हते, कारण तोपर्यंत कोरवाच्या रायफली येऊ लागल्या होत्या. दुसऱ्या खरेदीचे समर्थन वेगळ्या आधारावर करावे लागते, आणि तो आधार कामाच्या विभागणीचा आहे. डोंगरी सीमेवर, मोकळ्या उतारांवर आणि वाळवंटात लांब पल्ल्याची सिग, तर बंडखोरीविरोधी मोहिमांत, दाट वस्तीत आणि उर्वरित मोठ्या सैन्यात हलक्या काडतुसाची, जास्त क्षमतेच्या मॅगझिनाची एके-२०३ असावी. एकूण १,४५,४०० सिग आणि सहा लाखांवर एके-२०३ हे प्रमाण या विभागणीशी जुळते. सैन्याने ही विभागणी खरोखर पाळली, म्हणजे एखादी बटालियन सीमेवरून खोऱ्यात बदलून आली की तिची शस्त्रेही कामानुसार बदलली, तर दुसरी खरेदी योग्य होती असे मी म्हणेन. पण तुकडी बदलूनही रायफल तीच राहिली, तर खोलीत शिरणाऱ्या जवानाच्या हातात २० काडतुसांचे, जास्त धक्क्याचे शस्त्र देण्याची चूक आपण करू.

या बाबतीत अमेरिकेकडे पाहणे उपयोगाचे आहे. तिथल्या भूदलाने एप्रिल २०२२ मध्ये याच कंपनीची ६.८ मिलिमीटरची एक्सएम-७ निवडली. तिचेही मॅगझीन २० काडतुसांचे आहे आणि तिच्यावरही वजन जास्त व गोळ्या कमी अशीच टीका झाली आहे. यावरून हा पेच भारतीय खरेदी यंत्रणेचा एकटीचा नाही हे दिसते. फरक एवढाच की तिथे रायफल, काडतूस आणि अंतर मोजणारी दुर्बीण यांची निवड एकाच कार्यक्रमात झाली.

तिसऱ्या खरेदीचा विचार कधी झालाच तर तुलनेला आता घरचे नाव उपलब्ध आहे. जानेवारी २०२४ मध्ये एआरडीईने हैदराबादच्या एका खासगी कंपनीबरोबर तयार केलेली ‘उग्रम’ पुण्यात सादर केली. तिचे काडतूस तेच ७.६२ × ५१, मॅगझीन २० चे, वजन चार किलोच्या आत आणि पल्ला ५०० मीटर. तिला देशी म्हणून सवलत देऊ नये आणि सिगला रुळलेली म्हणून झुकते माप देऊ नये. दोन्ही रायफली एकाच थंडीत, एकाच उंचीवर, वरणगावच्या त्याच खेपेतील काडतुसांनी आणि त्याच दुर्बिणीने झाडून पाहाव्यात, अडकण्याची नोंद प्रत्येक हजार गोळ्यांमागे ठेवावी, आणि काडतुसांच्या दाबाची मर्यादा चाचणीनंतर न ठरवता निविदेतच लिहून टाकावी.